पेरिगोरच्या दोन पानी कागदाबद्दल, ताई, मनापासून आभार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

फ्रान्सच्या पेरिगोर भागातल्या दोर्दोन्य नदीकाठच्या सहलीसाठी तुम्ही बोर्दोहून लिहून पाठवलेली दोन पानं आता घड्यांवर विरली आहेत. काय बघायचं ते कुठेही सापडतं. काय टाळायचं आणि का, ते फक्त तुमच्या कागदावर होतं. म्हणून हे जाहीर पत्र.

पहिलीच ओळ : ‘दिवसाला गुहा एकच.’ आदिमानवाच्या भित्तिचित्रांची खरी लास्को गुहा 1963 पासून बंद आहे. माणसांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने आणि दमटपणाने भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं होतं. मोंतिन्याक गावात दिसते ती 2016 साली उघडलेली प्रतिकृती. तिथे इंग्रजी फेऱ्या मोजक्याच, म्हणून आधी त्या फेरीचं तिकीट आणि मग त्याभोवती दिवस बसवायचा, हा तुमचा क्रम अगदी बरोबर. अस्सल रंगीत गवे बघायचे तर फाँ-द-गोमची गुहा. पण वाट अरुंद, जागा थोड्या.

आजी-आजोबांसाठी मात्र तुम्ही रूफिन्याकची गुहा सुचवलीत, त्याला तोड नाही. आत विजेवरची छोटी गाडी जाते, गुडघ्यांना त्रास नाही. बाहेर कितीही ऊन असो, आत 13 अंश. स्वेटर डिकीत राहिला की तासभर कुडकुडायचं. गाडी थांबते आणि दिव्याच्या झोतात आधी अस्वलांच्या नखांचे ओरखडे दिसतात, मग काळ्या रेघेतले मॅमथ. छतावर जुन्या प्रवाशांनी धुराने लिहिलेली नावंही आहेत. आपल्या गडांवरचे बदाम-बाण आठवतातच!

नदीचा परिच्छेद तर प्रत्येकाने पाठ करावा. व्हित्राकहून बेनाकपर्यंत वल्हवायला चार तास लागतात, मुलं कंटाळतात. सेनाकहून निघालं की अडीच तासांत ला रोक-गाजाक, कास्तेलनो आणि बेनाक ही तिन्ही काठावरची गावं दिसतात. गाडी शेवटच्या घाटावर लावायची आणि कॅनोवाल्यांच्या व्हॅनने वर जायचं, म्हणजे ओल्या कपड्यांत वाट बघत बसावं लागत नाही. पोहता येणं सक्तीचं, पायात बंद बूट. स्लिपर पहिल्याच उथळ जागी वाहून जाते. वजनदार माणूस मागे. वळणाच्या आतल्या बाजूला गोटे साचतात, उन्हाळ्यात पाणी कमी असलं की कॅनो तिथेच रुतते. बाहेरच्या बाजूने काढायची.

कास्तेलनो किल्ल्याचा चढ दगडी आणि खडा आहे, बाबागाडी खालीच ठेवा, हेही खरं. इंग्रज-फ्रेंचांच्या शंभर वर्षांच्या युद्धात हा किल्ला इंग्रजांकडे आणि समोरचा बेनाक फ्रेंचांकडे, एवढं सांगितलं की मुलं दगडफेकी यंत्रांपाशी आपोआप रमतात. जुलै-ऑगस्टमध्ये गुरुवारी संध्याकाळी मार्केसाकची बाग मेणबत्त्यांनी उजळते. तेवढ्यासाठी गुरुवार मोकळा ठेवावाच.

जेवणाचं सर्वांत महत्त्वाचं. बारा ते दोन, की स्वयंपाकघर बंद; दीडला टेबलावर नसलात तर उपाशी. सारला गावचा बाजार बुधवार-शनिवार सकाळी, नऊच्या आत गेलं तरच पार्किंग. आणि शाकाहारी मंडळींसाठी तुम्ही लाल शाईने लिहिलंत ते सोन्यासारखं : सारला पद्धतीचे बटाटे बदकाच्या चरबीत परततात, हिरव्या सॅलडवरही बदकाचे पेटे येतात. ‘सां व्यांद’ (मांसाशिवाय) म्हणून भागत नाही, चरबीचं वेगळं विचारावं लागतं. अक्रोड, छोटं गोल बकरीचं चीज आणि पाव घेऊन नदीकाठी बसणं हेच उत्तम.

पुढच्या कुटुंबाला कागद द्याल तेव्हा एक ओळ वाढवा. रविवारी पेट्रोल पंपावर माणूस नसतो, यंत्र कार्डाचा पिन मागतं आणि भरलेल्या तेलापेक्षा मोठी रक्कम काही काळ अडकवून ठेवतं. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार आधीच सुरू करून घ्यावेत, आणि टाकी शनिवारीच भरावी.

तुमची,
तुमच्या कागदावर फिरलेली दोन कुटुंबं