सुध्या, सॅल्मन खाडीत शिकत नाही बे

नागपूर

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू ठासून सांगून राहिला होता ना, की सॅल्मन माशाचं पिल्लू नदीतून खाडीत येतं, तिथं मचूळ पाण्यात हळूहळू सवय करून घेतं अन् मग समुद्रात शिरतं, अन् त्यावर हापूसच्या पेटीची पैजही लावली, ते काही मला पटलं नाही. रत्नागिरीला बदली झाली तेव्हापासून तू खाडीतज्ज्ञच झाला. इथं लाइट गेली होती, उकाड्यानं डोकं चालत नव्हतं, नाहीतर तेव्हाच भांडलो असतो, म्हणून आता निवांत लिहून राहिलो.

आधी अडचण समजून घे. समुद्रात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ, माशाच्या रक्तात त्याच्या एक तृतीयांश, अन् नदीत जवळपास नाहीच. म्हणून नदीत पाणी आपोआप अंगात घुसत राहतं, मासा ते पातळ लघवीवाटे सारखं बाहेर टाकतो आणि कल्ल्यांतून पाण्यातलं थोडंफार मीठ ओढून घेतो. समुद्रात सगळं उलटं. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना, तसं त्याच्या अंगातून सुटायला लागतं. मग तो चक्क समुद्राचं पाणी पितो, आतड्यात मिठासकट शोषून घेतो अन् जास्तीचं सोडियम-क्लोराईड कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर फेकतो, मॅग्नेशियम वगैरे किडनी बघते, लघवी एकदम कमी होते. म्हणजे आतापर्यंत जे कल्ले मीठ आत घेत होते त्यांनीच ते बाहेर काढायचं. हे कल्ल्यांचं काम १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अॅन्सेल कीजनं ईल माशावर दाखवलं, हाच तो कीज ज्यानं पुढं चरबी अन् हृदयरोगाचा संबंध जोडला, तुझ्या बाबांचं तूप बंद झालं त्यात त्याचाही हात आहे बरं का.

आता मुद्द्याचं. अटलांटिक सॅल्मनच्या कल्ल्यांत सोडियम-पोटॅशियम पंपाचे, म्हणजे मीठ इकडून तिकडं ढकलणाऱ्या प्रथिनाचे, दोन प्रकार असतात, एक गोड्या पाण्यात कामाचा, एक खाऱ्या. खाऱ्याचा पंप वाढायला लागतो तो वसंतात, मासा अजून नदीतच असताना, खाऱ्या पाण्याचा थेंबही लागलेला नसतो! इशारा मिळतो तो लांबत जाणाऱ्या दिवसाचा. आपल्या नागपुरात डिसेंबर अन् जूनच्या दिवसात जेमतेम अडीच तासांचा फरक, पण नॉर्वेच्या बर्गनला सहा तासांचा दिवस एकोणीस तासांवर जातो, एवढी मोठी घंटा वाजल्यावर ऐकू न यायला काय झालं. मग ग्रोथ हार्मोन, कॉर्टिसोल वाढतात अन् ते कल्ले बदलायला लावतात.

बदल नुसता आतला नाही. नदीतल्या पिल्लाच्या अंगावर बोटं उमटल्यासारखे गडद उभे पट्टे असतात, दगडांत लपायला बरे. ते खवल्यांत साचणाऱ्या ग्वानीन नावाच्या चकचकीत पदार्थानं झाकून जातात, मासा चांदीसारखा चकाकतो, परांच्या कडा काळ्या पडतात, आणि हातात धरला तर खवलं सुटून तळव्याला चिकटतात. स्वभावही बदलतो. आधी आपापल्या दगडाजवळ प्रवाहाकडं तोंड करून, दुसरा आला की हाकलणारे हे पोट्टे आता थव्यानं, बहुतेक रात्रीचे, प्रवाहासोबत खाली निघतात. जाताना नदीचा वासही लक्षात ठेवतात, परत यायला तोच लागतो.

पण ही तयारी टिकाऊ नाही, काही आठवड्यांचाच खेळ. धरणानं अडवलं किंवा पाणी लवकर तापलं की कल्ले पुन्हा गोड्या पाण्याचे होतात, अन् असा उशिरा पोचलेला मासा समुद्रात टिकणं कठीण. धरणं बांधताना मासे वर चढायला पायऱ्या करतात, त्याचं कौतुक खूप होतं, पण खाली जाणाऱ्या पिल्लांचे वाया गेलेले दिवस कोणी मोजत नाही असं मला वाटतं.

अन् तुझ्या खाडीला माझं खरं उत्तर म्हणजे नॉर्वेची मत्स्यशेती. तिथं पिल्लं जमिनीवरच्या टाक्यांत, गोड्या पाण्यात वाढतात. दिवे लावून आधी काही आठवडे लहान दिवस दाखवायचा, मग चोवीस तास उजेड, माशाला वाटतं वसंत आला. मग काही मासे थेट समुद्राच्या खारेपणाच्या पाण्यात चोवीस तास ठेवून रक्तातलं मीठ तपासतात. तयार झालेल्याचं फारसं वाढत नाही, कच्च्याचं भसकन् वाढतं. पास झाले की सगळे समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यात. सांग, यात खाडी कुठं आली?

हां, एक मात्र कबूल, सगळ्या सॅल्मनचं एकच वेळापत्रक नाही. पॅसिफिकमधले पिंक अन् चम जातीचे सॅल्मन तर अंड्यातून निघून नदीतळाच्या खडीतून वर आल्यावर थोड्याच दिवसांत, बोटाएवढे होण्याआधीच समुद्राकडं निघतात. आणि तिथल्याच चिनूक जातीची काही पिल्लं खरंच खाडीत आठवडेच्या आठवडे राहतात, खातात, वाढतात. तेवढ्यापुरतं तुझं बरोबर. त्यामुळं पैजेची हापूसची पेटी अख्खी नको, अर्धी पाठव, अन् पिकलेले नको बे, इथल्या गरमीत दोन दिवसांत नासतात.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझा,
नंदू