रविवारची सुट्टी कोणी मिळवून दिली, हे महालक्ष्मी स्थानकाबाहेर लिहिलेले हवे

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी परळच्या एका शाळेत इतिहास शिकवते. परवा सातवीच्या वर्गात सहज विचारले, रविवारी सुट्टी का असते? बहुतेक हात एकाच उत्तरासाठी वर गेले: इंग्रज चर्चमध्ये जायचे म्हणून. एका मुलीचे आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. तीही तेच म्हणाली. मला आतून फार लागले.

कारण गिरणी कामगारांची सुट्टी भांडून मिळवावी लागली, आणि तो लढा आमच्याच परळमध्ये सुरू झाला. २३ सप्टेंबर १८८४ रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांनी इथे कामगारांची सभा घेतली. गिरणीत स्टोअरकीपर राहिलेला, 'दीनबंधु' वृत्तपत्र चालवणारा, जोतीराव फुल्यांचा सहकारी असा हा माणूस. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या नावाने अर्ज झाला. मागण्या काय? रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. दुपारचा डबा खायला अर्धा तास मिळावा म्हणून अर्ज करावा लागतो, हे मी फळ्यावर लिहिले तेव्हा वर्ग गप्प झाला.

पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार बायकाही तिथे बोलायला उभ्या राहिल्या. त्या काळी! १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. सात वर्षांनी, प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना लोखंडे स्वतःच प्लेगने गेले.

महोदय, मुलांना घेऊन मी महालक्ष्मीला गेले. दाखवायला काहीच नव्हते. रस्त्याच्या कडेला उभी राहून तोंडाने सांगितले, निम्मे शब्द गाड्यांच्या आवाजात गेले.

काळबादेवीचेही तेच. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झालेला बाबू गेनू आमच्यासारख्याच गिरणी वस्तीतला, अवघा २२ वर्षांचा. त्याचे नाव मुलांना ठाऊक असते, जागा नसते. गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन दिन पाळतात, पण तो मुंबईमुळे आहे हे मुंबईकरांनाच सांगावे लागते.

पुतळे मी मागत नाही. पुतळ्याला वर्षातून एकदा हार पडतो आणि खाली फक्त नाव नि जन्म-मृत्यूची सालं असतात. मला हवा आहे साधा फलक: घटना जिथे घडली तिथेच, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, सोप्या मराठीत पाच-सहा ओळी. कोण, कधी, काय मागत होते, काय मिळाले. मजकूर पुराभिलेखागारातल्या कागदांवरून अभ्यासकांनी तपासलेला असावा, म्हणजे दंतकथा दगडावर कोरल्या जाणार नाहीत. उद्घाटनाचा मंडप नको आणि फलकावर उद्घाटकाचे नावही नको. ती जागा त्या दोन बायकांच्या उल्लेखासाठी ठेवा.

पहिला फलक महालक्ष्मी स्थानकाबाहेर लावावा आणि तो येत्या १० जूनच्या आत लागावा, ही विनंती. शाळा त्याच सुमारास उघडते. मी नवी सातवी घेऊन येईन.

आपली,
परळमधील एक इतिहास शिक्षिका