व्हॉल्व्हसाठी निधी द्याच, पण दोन अटी घालून

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी हृदयविभागाच्या अतिदक्षता कक्षात परिचारिका आहे. मांडीतल्या रक्तवाहिनीतून कॅथेटर (बारीक नळी) घालून ज्यांचा व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातली झडप, बदलला, असे रुग्ण आमच्याकडे येतात आणि बरेचदा दुसऱ्याच दिवशी उठून चालू लागतात. छाती उघडून झालेल्या ऑपरेशननंतरचे दिवसही मी जवळून पाहते, त्यामुळे दोन्हींतला फरक मला कुणी समजावून सांगायला नको. या उपचारांना सरकारी निधी मिळावा ही मागणी रास्तच आहे. माझं म्हणणं एवढंच, की निधी देताना दोन अटी घाला. प्रत्येक रुग्णाचा निर्णय हार्ट टीमने, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या गटाने, मिळून घ्यावा, आणि आत बसवलेल्या प्रत्येक झडपेची नोंद रुग्ण हयात असेपर्यंत चालू राहावी.

या उपचाराची सुरुवातच मुळी ज्यांना दुसरा मार्ग उरला नव्हता अशा रुग्णांपासून झाली. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्या रुआँ इथे डॉ. अलँ क्रिबिए यांनी पहिल्यांदा माणसाच्या हृदयात महाधमनीची (हृदयातून शरीराकडे रक्त नेणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या तोंडाशी असलेली) झडप कॅथेटरने बसवली. तो रुग्ण ५७ वर्षांचा होता आणि शल्यचिकित्सकांनी त्याच्यावर ऑपरेशन करायला नकार दिला होता. पुढे २०१० मध्ये या उपचाराच्या 'पार्टनर' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. कॅल्शियम साचून झडप आखडलेले, ऑपरेशन झेपणार नाही असे हे रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी ५०.७ टक्के वर्षभरात दगावले, कॅथेटरने झडप बसवलेल्यांपैकी ३०.७ टक्के. त्या रुग्णांच्या बाबतीत वाद घालण्यासारखं फारसं काही नव्हतं.

आता तसं राहिलेलं नाही. २०१९ मध्ये, ज्यांना ऑपरेशनचा धोका कमी आहे अशा रुग्णांतही हा उपचार चांगला ठरल्याचं दिसलं आणि मग साठी-पासष्टीतली माणसं विचारू लागली, 'मला का नाही?' ऐंशी वर्षांच्या आजींची झडप दहा वर्षं टिकली तर कुणाची तक्रार नसते. साठीतल्या माणसाचं गणित वेगळं. गाईच्या किंवा डुकराच्या हृदयावरणापासून केलेली ही झडप कधी ना कधी झिजणार, मग तिच्या आत दुसरी बसवावी लागणार. पहिल्या झडपेची धातूची जाळी हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी कशी बसली आहे, यावर ते जमेल की नाही हे ठरतं. म्हणजे दुसऱ्या वेळचा विचार पहिल्याच वेळी, सीटी स्कॅन समोर ठेवून करायला हवा. शिवाय महाधमनीच्या झडपेच्या अगदी खालूनच ठोक्यांचे संदेश नेणारी हृदयाची विद्युतवाहिनी जाते. नव्या झडपेचा दाब तिच्यावर आला तर कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. कुणाच्या झडपेच्या कडेने रक्त गळत राहतं, कुणाला पक्षाघात होतो. हे सगळ्यांना होत नसलं तरी होतं, आणि आधी सांगितलेलं नसेल तर नातेवाइकांच्या प्रश्नांना आम्हाला तोंड द्यावं लागतं.

हार्ट टीमचा आग्रह मी का धरते, ते मायट्रल झडपेवरून (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेवरून) पाहा. हृदय कमजोर होऊन गळू लागलेली ही झडप मधोमध क्लिपने जोडता येते. २०१८ मध्ये या एकाच क्लिपच्या दोन चाचण्यांचे निकाल आले. फ्रान्समधल्या मित्रा-एफआर चाचणीत क्लिप लावलेल्या आणि न लावलेल्या रुग्णांत वर्षभरानंतर लक्षणीय फरक दिसला नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या कोऍप्ट चाचणीत मात्र दोन वर्षांतले मृत्यू ४६.१ टक्क्यांवरून २९.१ वर आले. यंत्र तेच, पण रुग्ण वेगळे निवडले होते. कोऍप्टमध्ये औषधं आधी पुरेपूर देऊन पाहिली होती, आणि झडपेची गळती डाव्या कप्प्याच्या फुगण्याच्या मानाने जास्त असलेले रुग्ण घेतले होते. बहुतेक तज्ज्ञ निकालांतल्या तफावतीचं कारण यातच शोधतात. अशी निवड कॅथ लॅबमध्ये, म्हणजे कॅथेटरचे उपचार होतात त्या खोलीत, उभ्या उभ्या होत नाही. शल्यचिकित्सक, कार्डिऑलॉजिस्ट, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि सीटी वाचणारे, भूलतज्ज्ञ असे सगळे एका टेबलाशी बसले तरच 'नको' म्हणणारं कुणीतरी हजर असतं. हृदय औषधांनी सुधारेल किंवा आयुष्य दुसऱ्याच आजाराने सरत आलंय, असं म्हणायलाही कुणी हवं. महागडं यंत्र आणून ठेवलं की ते वापरायची घाई होते, हे कुठल्याही विभागातल्या जुन्या परिचारिकेला विचारा.

नोंदीची कल्पना माझी नाही. अमेरिकेत मेडिकेअर या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेने २०१२ मध्ये या उपचाराचा खर्च देताना हार्ट टीम आणि राष्ट्रीय रजिस्टरमधली नोंद, दोन्ही बंधनकारक केलं. पैसे सरकारचे, म्हणून अटही सरकारची. 'ही झडप किती वर्षं टिकेल हो?' असं रुग्ण विचारतात, तेव्हा मी चाचण्यांमधले आकडे सांगते. पण चाचण्यांतले रुग्ण निवडून घेतलेले असतात. जन्मतःच दोन पाकळ्यांची झडप असलेल्यांना सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांतून वगळलं होतं, आणि तरुण वयात येणारे रुग्ण बरेचदा नेमके तेच असतात. त्यांची झडप किती टिकते, हे नोंदीतूनच कळेल.

या अटींमुळे काम वाढेल, वेळ जाईल, असा आक्षेप येईल. काम वाढेलच, आणि त्यातलं बरंचसं आम्हा परिचारिकांवर पडेल. म्हणून रजिस्टरसाठी स्वतंत्र माणूस नेमा, विभागातल्या कुणाच्या तरी गळ्यात ते मारू नका. झडपेचा प्रकार, आकार, बसवल्याची तारीख, तीस दिवसांतली गुंतागुंत आणि दरवर्षीचा इको, एवढं तरी भरलं जावं. रुग्णालयानुसार निकाल जाहीर करा, पण ते रुग्णांच्या गंभीरतेचा हिशेब धरून. नाहीतर अवघड रुग्णांना कुणी हातच लावणार नाही.

जाता जाता आणखी एक. संधिवाताच्या तापाने आखडलेल्या मायट्रल झडपेवर बलून, म्हणजे आत फुगा फुगवून झडप मोकळी करणं, हा उपचार १९८० च्या दशकापासून आहे. जपानच्या डॉ. कांजी इनोउए यांचा तो बलून योग्य रुग्णात आजही उत्तम काम करतो. नव्या यंत्रांच्या गर्दीत तो शिकवायचं थांबू नये. हा ताप गरिबांच्या वस्त्यांत जास्त, आणि बलूनची जाहिरात करायला कुणी येत नाही. त्याचीही नोंद याच रजिस्टरमध्ये व्हावी.

आपली विश्वासू,
हृदयविभागातील एक परिचारिका