केदारनाथला निघालेल्या मित्रास

कोल्हापूर
चैत्र पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल जोतिबाला जाऊन आलो. सासनकाठ्या, गुलाल, चांगभलंचा गजर. कानामागचा गुलाल अजून निघायचाय. डोंगरावरच्या गर्दीतच तुझा फोन आला, निम्मं ऐकूच आलं नाही. केदारनाथ यात्रेचा हेलिकॉप्टरचा सीझन घेतलायस आणि मशीनच्या देखभालीला गुप्तकाशीच्या बेसवर राहणार आहेस, एवढं मात्र नीट कळलं. आपला जोतिबा म्हणजे केदारनाथच की. त्याच्याच दारात उभा असताना ही बातमी कानावर पडली, भरून आलं बघ. घरी आल्या आल्या आईला सांगितलं. तिनं लगेच तुझ्या नावानं देवापुढं खोबऱ्याची वाटी ठेवली.

पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "हीटरचं वर गेल्यावर बघू. इथं सोलापूरच्या उन्हात हीटर कोण लावतोय?" ते काही रात्री झोपू देईना. म्हणून पहाटे उठून लिहायला बसलोय. फोनवर सांगितलं असतं तर तू हो हो म्हणून विसरला असतास. कागद ओव्हरॉलच्या खिशात राहतो.

उजळाईवाडीचा तो उन्हाळा मी तुला कधी पुरता सांगितलेला नाही. आज सांगतो. सभांचे दिवस होते. मशीन आपल्या विमानतळावर मुक्कामाला, दिवसाला पाच-सहा हेलिपॅड, ऊन ३९ अंशांवर. एका सकाळी पॉवर चेक घेतला, म्हणजे इंजिनाची ताकद मोजली, तर टीओटी (टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान) चढलेलं आणि ताकदीचं मार्जिन घटलेलं. दुसऱ्या दिवशी तेच. सगळ्यांचं बोट कॉम्प्रेसरकडं, म्हणजे इंजिनात हवा दाबणाऱ्या भागाकडं. हेलिपॅडवरची धूळ बघता संशय घेण्यात चूक काहीच नव्हती. कॉम्प्रेसर वॉश केला, पुन्हा केला. बोरोस्कोप, म्हणजे आत बघायची बारीक दुर्बीण, घातला, ब्लेडवर ओरखडासुद्धा नाही. तोवर वरून फोन सुरू झाले आणि भाड्याच्या इंजिनाची चौकशीही लागली.

तिसऱ्या संध्याकाळी ग्राउंड रन, म्हणजे मशीन जमिनीवरच ठेवून इंजिन चालवणं, चालू असताना मी सीटवरून खाली वाकलो, तर मनगटावर गरम हवेची फुंकर आली. लिव्हर बघितला, हीटर बंद. बाहेर भट्टी पेटलेली, सगळ्यांच्या अंगातून घामाच्या धारा, पायलटनं खिडकी सरकवलेली. अशात पायाशी हवा जरा जास्त गरम आहे हे कुणाच्या लक्षात येणार? थर्मामीटर धरला तर काटा बाहेरच्या हवेच्या कितीतरी वर. इंजिन बंद केलं, गार होऊ दिलं, काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडलं. हीटरच्या व्हॉल्व्हला हलवणाऱ्या कंट्रोल केबलचं बाहेरचं कवच क्लॅम्पमध्ये सरकलं होतं. कॉकपिटमधला लिव्हर 'बंद'च्या खाचेत जाऊन बसायचा, पण तिकडं व्हॉल्व्ह थोडा किलकिला राहायचा. इंजिनानं मेहनतीनं दाबलेली हवा तिथून गळत होती आणि आम्ही इंजिनालाच आजारी ठरवत होतो. केबल नव्याने बसवली, चेक घेतला, आकडे जागेवर आले.

त्या केबलचं काम आदल्या हिवाळ्यात माझ्या हातचं होतं. टेक लॉगवर, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, सही माझी. हे मी तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं आणि आज तुलाही सांगतोय, कारण क्लॅम्प आवळल्यावर मी लिव्हर हलवून बघितला होता, व्हॉल्व्हचा आर्म त्याच्या स्टॉपला टेकतो का ते मात्र बघितलं नव्हतं. तू दोन माणसं लाव. एक आत लिव्हरवर, एक बाहेर व्हॉल्व्हपाशी. दोन्ही टोकांना पूर्ण चाल मिळाली पाहिजे. आणि इंजिन बंद असताना हे दहा-बारा वेळा कर. महिनोन्‌महिने न हललेला व्हॉल्व्ह जाम होतो. तो उघडाच अडकला काय आणि बंदच अडकला काय, दोन्ही वाईट.

तू मूळचा एव्हिऑनिक्सचा, म्हणजे विमानातल्या वायरी-उपकरणांचा. बी-टूवरून (एव्हिऑनिक्सचं लायसन्स) बी-वन-पॉइंट-थ्रीपर्यंत (टर्बाइन हेलिकॉप्टरचं लायसन्स) पोचलास याचा मला केवढा अभिमान आहे, ते तुला ठाऊक आहे. पण टर्बाइनचा हीटर पहिल्यांदाच तुझ्या सहीखाली येतोय, म्हणून मुळापासून लिहितो. हाताखालच्या पोरांनाही हेच सांग. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं नळकांडं तापतं ना, तेच इथं. विस्तव नाही, जळण नाही. कॉम्प्रेसरनं हवा दाबली की ती तापते, अडीचशे-तीनशे अंशांच्या घरात जाते. आपल्या फ्रेंच मशीनवर तिला पी-टू हवा म्हणतात. त्यातली थोडी नळीनं काढायची, व्हॉल्व्हमधून सोडायची, वाटेत बाहेरची गार हवा तिच्यात ओढून घ्यायची आणि सोसवेल इतकी ऊब करून पायाशी आणि काचेवर सोडायची.

पिस्टन इंजिनाच्या लहान हेलिकॉप्टरचं याहून वेगळं. तिथं आपल्या जुन्या घरातला तांब्याचा बंब आठव. मधल्या नळीतून विस्तव आणि धूर, भोवतीनं पाणी. तसंच एक्झॉस्टच्या मफलरभोवती पत्र्याचं वेष्टण असतं, त्यातून फिरलेली ताजी हवा तापून केबिनमध्ये येते. बंबाची नळी फुटली तर विस्तव विझतो. इथं मफलरला चीर गेली तर धूर थेट माणसांच्या छातीत जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, गुंगी येते, आणि पायलटला वाटतं काल झोप झाली नाही. पुढंमागं तसं मशीन हाताखाली आलं तर वेष्टण काढून मफलर हाताच्या अंतरावरून बघितल्याशिवाय सही करू नकोस. वेल्डच्या कडा, क्लॅम्पखालची जागा, राखाडी-पांढरट डाग. एक्झॉस्टमध्ये हलकी हवा सोडून वरून साबणाचं पाणी लावलं की फुगा येतो, पंक्चरवाल्याला सापडतो तसा.

एमआय-१७ या मोठ्या रशियन हेलिकॉप्टरवर तर तिसरीच तऱ्हा. केओ-५० नावाचा रॉकेलवर पेटणारा हीटर, त्याला आपलं स्वतःचं ज्वलनाचं घर. त्याचं तुला इथं काम नाही.

आता केदारनाथ. गुप्तकाशी सुमारे १,३०० मीटरवर, देऊळ ३,५८३ मीटरवर. हजार मीटरला साडेसहा अंश धरले तरी काही मिनिटांच्या उड्डाणात पारा पंधराएक अंश खाली येतो. पण थंडी माणूस सोसतो रे, यात्रेकरू तर शाली-कानटोप्या घालूनच येतात. मला काळजी काचेची. पावसात भिजलेली पाच-सहा माणसं आत बसतात, ओले रेनकोट, ओले बूट, सगळ्यांचा श्वास, आणि समोर गार काच. क्षणात दव धरतं. दरीत ढग उतरलेला, समोरून दुसरं मशीन येतंय, आणि पायलट हातमोज्यानं काच पुसतोय. मी हे आत बसून एकदा बघितलंय. त्या दिवशी हीटर चालू होता, पाय भाजत होते. पॅनेलमागं काचेकडं जाणारी नळी तेवढी निखळली होती. कितीतरी दिवस लॉगमध्ये 'हीटर ठीक' असंच लिहिलं जात होतं, कारण पायाला ऊब लागत होती.

शून्य अंशाची दमट हवा वीस अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता जवळजवळ चौथाईवर येते. तीच कोरडी, तहानलेली हवा काचेवरचं दव पिऊन टाकते. म्हणून हीटर बघताना आधी काचेच्या तोंडाशी बघ. टिश्यू पेपरची बारीक पट्टी घे, डिमिस्टच्या (काचेवर ऊब सोडणाऱ्या) फटीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव. जिथं पट्टी फडफडत नाही तिथं मागं काहीतरी आहे. नळी दबलेली, निखळलेली, किंवा कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं. हसू नको, उघड्यावर उभ्या राहिलेल्या मशीनच्या नळ्यांत मी तिची घरं दोनदा काढली आहेत. सोलापूरच्या शेतांकडेला उभं असेल तर उंदरांच्या लेंड्याही बघ. नाहीतर पहिल्याच ऊबेबरोबर तो वास यात्रेकरूंच्या नाकात जाईल.

केशरी स्कॅट होज, म्हणजे ऊब नेणाऱ्या लवचिक नळ्या, हातानं दाबून बघ. सिलिकॉनचं कापड कुठं पातळ झालंय, आतली तार कुठं उघडी पडलीय, हे डोळ्यापेक्षा बोटांना लवकर कळतं. गरम बाजूला, व्हॉल्व्हच्या अलीकडं, जोडांवरचे व्ही-बँड क्लॅम्प (नळ्यांचे जोड आवळणारे पट्टे) मॅन्युअलमधल्या टॉर्कनं, म्हणजे ठरलेल्या जोरानं, आवळ, मग मऊ हातोडीनं चौफेर हलकेच ठोक आणि पुन्हा टॉर्क बघ. ठोकल्यावर नट बहुतेक वेळा थोडा फिरतोच. आणि तिथल्या आजूबाजूच्या वायरी तुझ्याइतक्या बारकाईनं कोण बघणार? हवा गळत असेल तर इन्सुलेशन तपकिरी आणि कडक झालेलं दिसेल, पत्र्यावर पिवळसर-निळी झाक दिसेल. असा डाग पुसून टाकू नकोस, त्याच्या मागं जा.

आणि वास. पायलट उतरला की "सगळं ठीक?" असं विचारू नकोस, "ठीक" एवढंच उत्तर येतं. विचार की वास आला का, कसला आला, आणि कधी आला. सीझनमध्ये पहिल्यांदा हीटर लावल्यावर धूळ जळाल्याचा वास येतो, पाच मिनिटांत जातो. कॉम्प्रेसर वॉशनंतर साबणासारखा वास आला तर वॉशच्या वेळी हीटर नीट बंद नव्हता. पाठीमागून वारा असताना हेलिपॅडवर एटीएफचा (विमानाच्या इंधनाचा) उग्र वास आला तर आपलाच एक्झॉस्ट इनटेकमध्ये परत येतोय. पण जळक्या तेलाचा वास, बारीक निळसर धूर, तोही हीटर लावला की येतो आणि बंद केला की जातो, असं कळलं तर हीटर सोड आणि इंजिनाकडं वळ. बेअरिंगच्या सीलमधून तेल कॉम्प्रेसरच्या हवेत उतरत असणार. तिथं आपला हीटर चहाड्या सांगणाऱ्या शेजाऱ्यासारखा उपयोगी पडतो. त्याचं ऐकून घे.

उजळाईवाडीची गोष्ट मी पहिल्यांदा का सांगितली, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. केदारनाथच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास उरते. तिथं इंजिनाकडं उधळायला काहीच नसतं. म्हणून तर चढताना-उतरताना हीटर बंद ठेवायची शिस्त असते. फ्लाइट मॅन्युअलमध्ये तुझ्या मशीनसाठी जे लिहिलं असेल ते पायलटबरोबर बसून वाच. पण लिव्हर बंद करूनही व्हॉल्व्ह गळत असेल, तर पायलट शिस्त पाळतोय आणि मशीन मात्र पाळत नाही. ही गळती सोलापुरात सापडली तर एक संध्याकाळ जाते. वर सापडली तर भरलेल्या मशीनसकट हेलिपॅडवर उतरताना सापडते.

तेव्हा सोलापुरातच एक दिवस काढ. मशीन सावलीत घे, पॉवर चेक हीटर बंद ठेवून घे आणि आकडे लिहून ठेव. मग ग्राउंड रनवर हीटर पूर्ण लाव. आत बसवणार नाही, भाजून निघशील, तरी दहा मिनिटं बस. मग बंद कर आणि पायाशी हात धरून थांब. नळ्यांतली ऊब ओसरायला थोडा वेळ लागतो, पण हवेचा झोत लगेच थांबला पाहिजे. नंतर गुप्तकाशीला पोचल्यावर तेच पुन्हा कर. दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी मांडून मला फोटो पाठव.

बाकी इथलं ठीक. गुऱ्हाळं केव्हाच थंडावली, पण तुझ्यासाठी रसायन न घातलेल्या गुळाच्या दोन ढेपी ठेवल्या आहेत. कांदा-लसूण मसाला आईनं या रविवारी कुटलाय, डब्याला वरून कापड बांधलंय. पुढच्या आठवड्यात माझा भाचा सोलापूरला येतोय, त्याच्याजवळ दोन्ही देतो. त्याच्याच पिशवीत माझा जुना इन्फ्रारेड थर्मामीटर आहे. त्याचा सेल नवा टाकलाय. तुमच्या कंपनीच्या कॅलिब्रेशनच्या यादीत तो नाही, तेव्हा त्याच्या आकड्यावर सही करू नकोस, पण शोधायला वापर.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. केदारनाथच्या देवळाचं कपाट, म्हणजे दार, उघडायच्या दिवशी वर जाणं झालं तर आईच्या नावानं एक बेल वाहा.

कळावे, लोभ असावा.

तुझाच,
उजळाईवाडीचा मित्र