साखरेच्या जागी तेवढीच स्टीव्हिया नको

मा. संपादक,

सणासुदीच्या पुरवण्यांमध्ये मधुमेहींसाठी गोडाच्या पाककृती येतात. त्यात हमखास एक ओळ असते : 'साखरेऐवजी स्टीव्हिया, चवीनुसार.' घोटाळा नेमका इथेच होतो, कारण स्टीव्हिया या गोड पानांच्या वनस्पतीच्या एकाच नावाने बाजारात तीन वेगवेगळ्या वस्तू मिळतात. वाळलेल्या पानांची हिरवी पूड साखरेच्या साधारण १० ते १५ पट गोड असते. पानांतून काढून शुद्ध केलेला पांढरा अर्क २०० ते ३०० पट. तिसरी म्हणजे 'एक चमचा साखरेला एक चमचा' अशी पावडर. तिच्यात अर्क किंचित आणि बाकी सगळी भर असते. ही भर डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन या कर्बोदकांची असेल, तर रक्तातली साखर वाढतेच. म्हणून पाकिटाच्या मागची घटकांची यादी आधी वाचावी. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये मान्यता दिली, ती शुद्ध केलेल्या अर्काला.

चहाच्या एका चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम साखरेचे काम २० मिलिग्रॅम शुद्ध अर्क करतो. एवढे घरच्या काट्यावर मोजता येत नाही आणि चिमटीने घेतले तर हमखास जास्त पडते. मग ज्येष्ठमधासारखी कडवट चव जिभेवर रेंगाळत राहते. यावर सोपा उपाय आहे. २ ग्रॅम अर्क १०० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून बाटली फ्रीजमध्ये ठेवावी. यातले १ मिली म्हणजे एक चमचा साखर. मोजायला औषधाचा ड्रॉपर किंवा बिनसुईची सिरिंज घ्यावी. आठवड्याभरात संपेल इतकेच करावे.

हा अर्क उकळीला टिकतो, त्यामुळे चहा, कोकम सरबत, भाजी-आमटीतली चिमूटभर साखर, पातळ खीर यांत तो बिनधास्त चालतो. लिंबू सरबताच्या पेल्याला १ चमचा साखर आणि ३ मिली द्रावण घ्यावे. मिठाची चिमूट टाकली की कडवटपणा दबतो.

पण त्याच्या गोडीला मर्यादा आहे. साधारण १० टक्के साखरेच्या पाण्याइतकी गोडी आली की त्यापुढे अर्क वाढवून गोडी फारशी वाढत नाही, कडूपणा मात्र वाढतो. श्रीखंड त्याच्या कितीतरी पुढचे गोड, म्हणून तिथे पूर्ण बदल जमत नाही. अर्धा किलो चक्क्याला २०० ग्रॅम साखर आणि १५ मिली द्रावण घेऊन पाहा. साखर विरघळताना चक्का सैल करते. ती कमी झाली की श्रीखंड घट्ट, कोरडे लागते. तेव्हा ३-४ चमचे दूध किंवा साय फेटून घालावी. केशर-वेलची सढळ हाताने घातली की मागची चव झाकली जाते. तरीही नेहमीपेक्षा थोडे अगोड लागणारच, हे खाणाऱ्यांना आधी सांगावे.

जिथे साखर म्हणजे पदार्थाचे अंगच, तिथे स्टीव्हियाच्या वाटेला जाऊ नये. तिचा एकतारी पाक होत नाही, म्हणून पाकातले लाडू वळत नाहीत आणि चिक्की जमत नाही. साखर करपून येणारा तांबूस रंगही तिला नाही. केक फिकट आणि चपटा राहतो. मुरांब्याचे तर नुकसानच, कारण तो टिकतो साखरेमुळे. ती काढली की काही दिवसांत बुरशी धरते.

वजन उतरवण्यासाठी असे पर्याय वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सुचवले. त्यात स्टीव्हियाही आहे. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही, पण तांदळाच्या खिरीतली साखर गेली तरी तांदूळ राहतोच, हे त्यांनी विसरू नये.

आपल्या पुरवणीत अशी पाककृती छापताना पानांची पूड, शुद्ध अर्क की भरीची पावडर, आणि ती किती मिलिग्रॅम किंवा ग्रॅम, एवढे कृपया नक्की छापावे.

— पाककलेच्या एक अभ्यासक, पुणे