तानपुऱ्याची वर्गणी

प्रिय मंदार,

तुझं तानपुऱ्याचं ॲप एकदाच विकण्याऐवजी वर्गणीवर, म्हणजे सबस्क्रिप्शनवर न्यायचं, यावर बोलताना फोनवर तू इतका वैतागला होतास की तेव्हा वाद घातला नाही. आता सविस्तर लिहितो.

वर्गणीला माझा विरोध नाही. एकदा चारशे रुपये घ्यायचे आणि जन्मभर अपडेट द्यायचे, हा हिशेब कधी जुळणारच नव्हता. पूर्वी नवी आवृत्ती आली की जुनं गिऱ्हाईक ती सवलतीत विकत घ्यायचं. २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर आलं आणि पेड अपग्रेडची ती सोयच तिथे ठेवली नाही. दरवर्षी आयफोनची नवी प्रणाली, आयओएस, येणार, काहीतरी मोडणार, तू रात्री जागून ते दुरुस्त करणार आणि कधीकाळी पैसे दिलेला माणूस एक स्टार ठोकून विचारणार, "डार्क मोड कुठाय?" २०१६ मध्ये ॲपलने सगळ्याच प्रकारच्या ॲप्सना वर्गणी खुली केली. पहिल्या वर्षी त्यांचा वाटा ३० टक्के, तोच ग्राहक पुढे टिकला तर १५. मग सगळे तिकडे वळले, यात नवल ते काय.

लेखनाचं ॲप बनवणारे जर्मनीतल्या लाइपझिगचे युलिसीसवाले २०१७ मध्ये वर्गणीवर गेले. लोक खवळले, पण ॲप आजही चालू आहे. टिपणं काढायच्या नोटॅबिलिटी ॲपचं उदाहरण मात्र नीट आठव. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की आधी विकत घेतलेल्यांनाही वर्षभरानंतर वर्गणी भरावी लागेल. एवढा गहजब झाला, की काही दिवसांतच माघार. अरे, विकलेलं परत काढून घेऊ नये, हे ॲपलच्या नियमावलीतसुद्धा लिहिलंय! लोक वर्गणीवर चिडले नव्हते, असं माझं मत. आपलं काढून घेतलं जातंय, याचा तो राग होता.

आता तुझं. तुझा तानपुरा ऑफलाइन वाजतो. सर्व्हर नाही, रोजचा खर्च नाही; आहे ती तुझी मेहनत. माझी सांगलीची आत्या पहाटे रियाजाला तोच लावते. तिला "दरमहा ९९" सांगितलंस तर ती माळ्यावरची श्रुतिपेटी खाली काढेल, तुला सरळ सांगतो.

म्हणून प्रोग्रामरांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जेटब्रेन्सची तोड बघ. कंपनी मोठी आहे, पण २०१५ मध्ये शिव्या खाऊन त्यांनी जे शोधलं ते झकास आहे: सलग वर्षभर पैसे भरले की त्या वर्षाच्या सुरुवातीची आवृत्ती कायमची तुमची. पुढचं हवं असेल तर पुढे भरा. तू वार्षिकच ठेव. आपोआप पैसे कापायचे तर आपल्याकडे २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २४ तास आधी सूचना जाते. महिन्याच्या महिन्याला ग्राहकाला "बंद करू का?" असा विचार करायला कशाला लावतोस?

जुन्या ग्राहकांना पाठवायच्या मेलचा मसुदा आधी मला दाखव. इंग्रजीत लिहिताना तू हल्ली फार माफ्या मागतोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अभय