आईला आमटी तिखट लागली

पाचपाखाडी, ठाणे
९ एप्रिल

प्रिय बंड्या,

गेल्या आठवड्यात आईला आमटी तिखट लागली. आपली आमटी नव्हे, तुझ्या वहिनीची. गूळ-आमसुलाची. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवलास तेव्हा ह्याच आमटीला तू 'सरबत' म्हणाला होतास आणि पुढे कित्येक महिने वहिनीने तुला बिनसाखरेचा चहा पाजला होता. त्या आमटीचा एक भुरका मारून आईने वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "लई तिखाट झालीया गं." वहिनी आधी हसली. तिला वाटलं, जुना हिशेब आहे, टोमणा असणार. मग आईच्या डोळ्यांत पाणी दिसलं, तेव्हा ती माझ्याकडे बघायला लागली.

हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, वय झालं, लागत असेल तिखट. तू तसं म्हणणार नाहीस. तासगावच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून ठेचा-भाकरी खाताना ढसाढसा रडलेला आणि तरी "काकू, अजून जरा" म्हणणारा तूच होतास.

फोनच केला असता. पण घर एवढंसं, आणि आईचे डोळे अधू झाले तरी कान शाबूत आहेत. तुला व्हॉट्सॲपवर काही लिहिलं की संध्याकाळपर्यंत ते ताईकडे पोचतं. नाही म्हणू नकोस, गणपतीतलं प्रकरण मी विसरलेलो नाही. म्हणून हे पोस्टाने.

आमच्या तब्येती ठीक. वहिनीची पाठ बरी. माझी शुगर जागच्या जागी आहे, तू धाडलेला कुंदा मात्र जागेवर राहिला नाही.

तर आई. जानेवारीत ती दवाखान्यात होती ते तुला माहीतच आहे. बीपी, पायांना सूज. घरी सोडताना कागदावर लिहून दिलं, मीठ कमी. ताईने पुण्याहून येऊन त्याखाली स्वतःच्या अक्षरात भर घातली: तिखट, मसालेदार, फोडणीचं पूर्ण बंद. तो कागद आमच्या फ्रिजवर आहे. मग सुरू झाला मऊ भात, बिनमिठाचं मुगाचं वरण, दुधी, पुन्हा दुधी. ताट पुढे आलं की आई त्याकडे अशी बघायची, जसे आपण केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला आलेल्या सॉल्टकडे बघायचो: हे काय आहे आणि माझ्याच वाट्याला का. दोन घास खाऊन "पोट भरलं". बांगड्या मनगटावरून घसरून कोपराशी यायला लागल्या. आधी माझ्या लक्षात आलं नाही. वहिनीने त्यांना दोरा गुंडाळलेला पाहिला तेव्हा कळलं.

शिमग्याच्या सुमारास मी तिच्या पानात चिमूटभर ठेचा वाढला. म्हटलं, हा बघून तरी हात चालेल. तिने बोटाचं टोक लावून चाखला आणि बाजूला सारला. काही बोलली नाही. मर्दा, त्या रात्री मला झोप लागली नाही. जी बाई आजारात पेजेबरोबरसुद्धा मिरचीचं खर्डं मागायची, तिने ठेचा सारावा म्हणजे ती आता सगळंच सारायला लागली का, असं काहीतरी डोक्यात यायला लागलं. त्यावर ही आमटी.

आता थोडी केमिस्ट्री ऐक. विलिंग्डन कॉलेजात तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, हे तू अजून लोकांना सांगत फिरतोस, तेव्हा ऐकावंच लागेल. तिखट ही मुळात चवच नव्हे. गोड, आंबट, खारट कळण्याची सोय निराळी. मिरचीतलं कॅप्सेसिन जाऊन बसतं ते चटका आणि वेदना कळवणाऱ्या मज्जातंतूंवर. तिथला जो ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेने जागा होतो, तोच मिरचीनेही होतो. हा ग्राहक १९९७ साली डेव्हिड ज्युलियसच्या प्रयोगशाळेत हाती लागला, आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. तुझं बोट भाजणं आणि तुझा ठेचा, दोन्ही मेंदूला एकाच तारेने कळतं.

माझ्या कामाची गोष्ट पुढे आहे. रोज मिरची खाणाऱ्याच्या या तारा बोथट होतात. मिरची काही आठवडे पूर्ण तोडली की त्या पुन्हा ताज्या होतात. म्हणजे आई संपत चाललेली नाही रे, ताईच्या त्या कागदाने तिची जीभ परत कोरी करून ठेवलीय! ज्या दिवशी हा उलगडा झाला त्या दिवशी मी तलावपाळीला एकटाच दोन चकरा मारून आलो. वहिनीला वाटलं, पेन्शनचं काहीतरी बिनसलं.

दुसरं असं, की म्हातारपणी वास कमी येतो, आणि जिला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचाच असतो. तिखटाची तार वेगळी, सर्दीने नाक चोंदलं तरी मिरची कळतेच. तेव्हा मीठ काढून घेतलेल्या, वासही नीट न येणाऱ्या आईच्या जेवणात जिवंत ठेवण्यासारखं काही असेल तर ते तिखट. पण थोडं.

आणि इथेच सगळी गोची आहे. आपल्याला थोडं येत नाही, बंड्या. आपल्याकडे एकतर घाम फुटला पाहिजे, नाहीतर मग पथ्य. तू इथे आलास तेव्हा मामलेदारच्या मिसळीला मी सांगत होतो मीडियम घे, तू तर्रीवर तर्री ओतून घेतलीस, आणि पुढचा तासभर तलावपाळीवर बर्फाचा गोळा चोखत "काही नाही, धूळ गेली डोळ्यात" म्हणत होतास. आपण याला मातीची रग समजतो. अरे, मिरची इथे आली पोर्तुगिजांबरोबर, सोळाव्या शतकात. ज्ञानेश्वरांच्या पानात मिरची नव्हती. तोवर मिरी, पिंपळी, सुंठ, मोहरी यांवर भागत होतं. हे मी वहिनीसमोर बोललो आणि फसलो. ती म्हणाली, "म्हणजे आमच्या माहेरचं मिऱ्याचं सार जास्त जुनं." आता रोज ऐकतोय.

पण खरं सांगू? थोडं तिखट कसं वापरायचं ते मला तिच्याकडूनच कळलं. इतकी वर्षं मी तिच्या स्वयंपाकाला सपक म्हणत आलो आणि तो चोखंदळपणे मोजूनमापून केलेला असतो हे मी कधी बघितलंच नाही. आमटी उकळली की ती हिरवी मिरची चिरत नाही, देठासकट अख्खी सोडते, पोटाला सुरीचं टोक लावून. वाढायच्या आधी काढून टाकते. मिरचीचा वास आमटीभर आणि चटका अगदी पाठीमागून. त्या दिवशी मिरची होती ज्वाला, घाईत उभी चिरली गेली होती, आणि आमटी गॅसवरून थेट वाटीत. ज्या तारा मिरचीने चेतवल्या त्यांनाच वर गरम आमटीचा चटका! तोच ऐवज कोमट वाढला असता तर निम्मा लागला असता. दुसऱ्या दिवशी तसाच करून बघितला. आईने भुरके मारून संपवला आणि वाटी पुसून घेतली.

आता स्वयंपाकघरात माझा मुक्काम असतो. फोडणीला एक बेडगी, देठ न मोडता म्हणजे बिया सांडत नाहीत, फुगली आणि रंग गडद झाला की लगेच भाजी वर. कॅप्सेसिन तेला-तुपात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच, म्हणून तेवढ्या तेलातच ते सगळीकडे पोचतं. लाल तिखट घालायचं तर गॅस बंद करून, नाहीतर करपतं आणि सगळा मजला खोकायला लागतो. समोरच्या ब्लॉकमधले एकदा दार वाजवून विचारून गेलेत, काही जळतंय का. भाताला मेतकूट, तूप, वर दोन मिरे भरडून.

आणि हो, ते बियांचं भांडण. तिखट बियांत असतं यावर तू हॉस्टेलमध्ये माझी चादर पणाला लावून घेतली होतीस. तिखट असतं आतल्या पांढऱ्या शिरेत, जिला बिया चिकटलेल्या असतात तिच्यात. बियांना ते नुसतं लागतं. चादर परत पाहिजे.

परवा काकडीच्या कोशिंबिरीत मोहरी फेसून घातली. गार पाण्याबरोबरच फेसायची, मग चढते. शिजवली की तिचा झणका जातो. आईने घास घेतला, एकदम थांबली. डोळे मिटले, नाक फेंदारलं, कपाळाला हात लावला. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा. डोळे उघडून म्हणाली, "हं. आता काय तरी कळलं." आणि ताट वहिनीच्या दिशेने सरकवलं, अजून वाढ म्हणून. मोहरीचं बरं असतं, नाकात जाते आणि क्षणात उतरते, मिरचीसारखी रेंगाळत नाही.

इथवर सगळं छान वाटेल तुला. पण धाकधूक जात नाही. ती खरंच चवीने खातेय, की मी ओट्याशी राबताना दिसतो म्हणून माझं मन राखायला खातेय? तुला माहितेय ती कशी आहे. तू केलेली पहिली भाकरी, जी कुत्र्यानेही सोडली, ती तिने "खमंग झालीया" म्हणत खाल्ली होती. रात्री मी तिखट अजिबात देत नाही, आडवं झाल्यावर छातीशी जळजळ नको. तरी तिने कूस बदलली की मी उठून बसतो. सकाळी विचारलं तर म्हणते, "मला काय धाड भरलीय." यातून काय समजायचं?

डॉक्टरांना विचारलं. तरुण आहे, बरा आहे. म्हणाला, मिठाचं मी बघणार, मिरचीचं सोसेल तसं तुम्ही बघा, जळजळ झाली तर थांबा. हे ताईला सांगितलं तर ताई म्हणे, अल्सर होईल. मी म्हटलं, बहुतेक अल्सर एका जिवाणूमुळे आणि वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात. बॅरी मार्शल नावाच्या डॉक्टरने १९८४ साली तो जिवाणू स्वतः पिऊन दाखवला, २००५ साली त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. ताई म्हणाली, "तो ऑस्ट्रेलियाचा. त्याने आपल्या आईच्या हातचा ठेचा कुठे खाल्लाय?" याला काय उत्तर आहे सांग.

वर गंमत बघ. मिरची बंद करणाऱ्या ताईनेच बरणीभर लिंबाचं गोड लोणचं पाठवलंय. गोड ना, मग चालतं! त्यात मीठ किती असतं? दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपलं लोणचं, पापड, फरसाण सगळं त्यावर उठलेलं. ठेच्याचंही खरं दुखणं मिरची नव्हे, त्यातलं मूठभर खडे मीठ. चीनमध्ये २०१७ साली सहाशेवर लोकांना तपासून काढलेला एक निष्कर्ष वाचला, तिखट आवडणारे मीठ कमी खातात आणि त्यांचं बीपीही कमी आढळलं. एवढ्यावर मी आईचं औषध ठरवणार नाही. पण ताईला कळवायला काय हरकत आहे, म्हणून कळवलं. तिने अंगठा पाठवला. कुठल्या अर्थाने, ते कळलेलं नाही.

लोणचं मी वरच्या फळीवर मागे ठेवलंय. आईला ते दिसत नाही. पण परवा म्हणाली, "ताईनं काय पाठवलं नाही व्हय रं?" कान म्हटलं ना.

तुझं गुडघ्याचं कळलं. चालायला लागलास हे उत्तम, जिने टाळ. पोरीचं ठरलं, फार आनंद झाला, तारीख नक्की झाली की कळव, आम्ही दोघं नाही तर मी तरी येणारच. जागेच्या केसबद्दल भेटीत बोलू, लिहिण्यासारखं नाही.

बस्त्यासाठी मे महिन्यात दादरला येणार म्हणतोस, तर मुक्काम इथेच. काकू विचारत असतात. तिच्यासमोर बसून जेव आणि मला नंतर खरं काय ते सांग, ती मनापासून खातेय की नाही. तुला ते ओळखता येईल. माझी नजर आता तिच्या ताटावरून हलतच नाही, त्यामुळे मला काही दिसेनासं झालंय.

येताना बेळगावच्या बाजारातून बेडगी आण, किलोभर. जांभळी नाक्यावर मिळते, पण दुकानदाराला विचारावं तर सगळीच अस्सल असते. तुमच्याकडे डब्बी आणि कड्डी वेगळी करून देतात, तर डब्बीच आण, जाड, बुटकी, रंगाला भारी आणि तिखटाला कमी. कड्डी आणलीस तर तुलाच भरवीन. ताईला यातलं काही कळवायचं नाही. कळलंच तर रंगासाठी आहे म्हणायचं.

तुझा,
अप्पा